इरल्याखालचा टॅब

३० जून, सोमवार

वही, राग मानू नकोस. वीस-बावीस दिवस तुला हात लावला नाही. गुडघ्याचं निमित्त सांगता येईल, पण ते खोटं. लिहायला बसलो की मनात आहे तेच लिहावं लागणार, म्हणून टाळत होतो.

आमच्याकडे भातलावणीला इर्जिक असते. बावीस घरं, गावातली चौदा आणि वाडीवरची आठ. एका दिवशी सगळ्यांनी एकाच्या खाचरात उतरायचं, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या. ज्याचं शेत त्याच्याकडे जेवण. कुणाची पाळी कधी, ती यादी एकतीस वर्षं माझ्याकडे आहे. शिकलो सातवीपर्यंतच, पण अक्षर बरं. गेल्या वर्षी बांधावर यादीची वही भिजली, शाई पसरली, आणि एकाच दिवशी दोन घरांची पाळी बसली. दोन्हीकडे जेवण शिजलं. अजून हसतात.

यादी आता दुसऱ्याकडे द्यावी अशी कुजबुज तीन आठवडे कानावर होती. काल देवळात बैठक झाली. संतोष लॅपटॉप मांडून बसला होता. थोरल्या भावाचा मुलगा, तळेगावला कंपनीत आहे, शेतकरी गटाचा सचिव. म्हणाला, "काका, औंदा यादी मी ह्याच्यावर करतो. तुमच्या वहीला जरा विश्रांती." सगळे हो म्हणाले. मीही मान हलवली. का हलवली?

शिवाय तालुक्याहून गटाला यंत्र मिळणार. एक लॅपटॉप, नाहीतर दोन टॅब. काय हवं ते २५ जुलैच्या आत लिहून द्यायचं. लॅपटॉप आला तर तो संतोषच्या घरी राहणार आणि यादीही कायमची तिकडेच जाणार. मग बैठकीला मी कशाला जायचं? सतरंजी घालायला?

२ जुलै, बुध.

लेक सुनी आली सुदुंबऱ्याहून. तिच्या आईनं फोनवर सगळं सांगितलेलं दिसतं. नातीला, प्रज्ञाला, कॉलेजसाठी लॅपटॉप घेतला, म्हणून जुना टॅब पडून होता, तो घेऊन आली. "आबा, बोटानं लिवा, शाळंत पाटीवर लिवत होता तसं." ती लिहिते तर छापल्यासारखं मराठी अक्षर उमटतं. मी लिहितो तर काहीच नाही. दहा वेळा बोट फिरवलं. बोटं नांगरानं आणि चिखलानं इतकी टणक झालीत की काचेला ती माणसाची वाटतच नाहीत.

कारभारीण चुलीपाशी बसून बघत होती. म्हणाली, "चाळीस वर्सं म्या तुमचं आयकलं न्हाई, ती काच काय आयकतीया."

४ जुलै, शुक्र.

लोणावळ्याला गेलो. कुणाला सांगितलं नाही, गुडघ्याचं औषध आणतो म्हणालो. मोबाइलच्या दुकानात पर्यटकांची रांग. फोन गळ्यात अडकवायच्या प्लास्टिकच्या पिशव्या घेत होते, धबधब्याखाली उभं राहायला. मी सगळ्यात मोठी पिशवी मागितली. दुकानातल्या बाई म्हणाल्या, "आबा, तुम्ही पण भुशीला का?" म्हणालो, "न्हाई बाई, भातात."

बोटांचं सांगितलं. त्यांनी माझा हात उलटा-सुलटा करून पाहिला आणि रबरी टोकाचं पेन दिलं. तिथंच उभं राहून स्वतःचं नाव लिहिलं. उमटलं! रांगेतल्या एका पोरीनं टाळी वाजवली. लाज वाटली आणि बरंही वाटलं. औषध आणायचं राहिलंच. घरी येऊन थाप मारली.

५ जुलै, शनि.

संतोषची यादी देवळाच्या भिंतीवर लागली. पांढरा कागद, काळं अक्षर, सरळ चौकटी. कुणीही वाचावं. माझ्या यादीत खाडाखोड असायची. लोक वाखाणत होते आणि मी मागे उभा राहून वाचत होतो.

पहिलं नाव अनंता, मग काशिनाथ, मग चिमाबाई. अक्षरांच्या क्रमानं! अनंताचं खाचर सगळ्यात खाली, ओढ्याला लागून. वाडीवरच्या चिमाबाईचं सगळ्यात वर, डोंगराच्या कुशीत. वरच्याची चिखलणी झाली, लावणीआधीचा चिखल कालवून झाला, की गढूळ पाणी बांध फोडून खाली सोडावं लागतं. म्हणून पाळी कायम वरून खाली येते. खालचं आधी लावलं तर वरचं पाणी नवं रोप उपटून नेणार.

संतोषला बाजूला घेऊन सांगितलं. म्हणाला, "एकाच घराचं नाव दोनदा आलं नाही ना, ते तपासायला अक्षरानं लावली. गेल्या वर्षी झालं होतं तसं." आणि हसला. "तारखा सगळ्यांना सांगून झाल्यात काका, आता राहू द्या. पाणी काय यादी वाचून येतं का?"

मी मोठ्यानं बोलायला हवं होतं. चारचौघांत. बोललो नाही. "तुमची दोन जेवणं आठवतात का" म्हणाला असता तर?

८ जुलै, मंगळ.

अनंताची लावणी झाली. अठरा माणसं, तीनला मोकळे. अनंता खूश. मी जेवता जेवता वरच्या बांधांकडे बघत होतो.

१० जुलै, गुरु.

झालं. सकाळी चिमाबाईची चिखलणी सुरू झाली, तोवर वर पावसाचा जोर. पाणी ठेवता येईना, बांध फोडावा लागला. एकातून दुसऱ्यात करत दुपारी अनंताच्या खाचरात पोचलं. निम्मं रोप तरंगत ओढ्याला गेलं. आमची लावणी तिथंच थांबली.

अनंता तडक माझ्या दारात. "आबा, यकतीस वर्सं यादी करताय आन् येवढं कळू नाय?" मी म्हणालो, यादी माझी नाही. "मग भितीवर लागली तवा तुमी बोलला का न्हाई? तुमाला तर कळत हुतं का न्हाई?"

त्याचं खरं होतं. संतोषनं न कळून केलं. मी कळत असून गप्प बसलो.

संध्याकाळी चिमाबाई आली. दारातूनच म्हणाली, "भाऊ, रडत बसू नगा. रोप आजून बांधावर हाय, चार दिसांत पिवळं पडंल. उद्या यवून सांगा कुटनं धरायचं." वीस घरांची लावणी अडलीय, चिमाबाईचीसुद्धा अर्धी. हातात चार दिवस.

११ जुलै, शुक्र.

आजचा दिवस नीट लिहितो.

सकाळी टॅब पिशवीत घालून शिवारात गेलो. मनात आलं, यादी नकोच, शिवारच काढू. प्रत्येक खाचर त्याच्या आकारासह, पाणी कुठून कुठं उतरतं त्याच्या निळ्या रेघा, आत घरधन्याचं नाव. पण पाऊस. पिशवीवर थेंब पडला की काचेला वाटे कुणी बोट लावलं. काशिनाथच्या खाचरातून आपोआप एक रेघ निघाली ती थेट गावाबाहेर. पुसली तर दुसरी. रडकुंडीला आलो.

चिमाबाईनं बघितलं. अंगावरचं इरलं काढून माझ्या पाठीवर घातलं आणि स्वतः गोणपाट डोक्यावर घेतलं. पळसाच्या पानांचं, बांबूच्या कामट्यांचं. वाकून लावणी करणाऱ्याची पाठ आणि डोकं झाकायला असतं, हात मोकळे राहतात. मी बांधावर उकिडवा बसलो, टॅब मांडीवर. आत थेंब येत नव्हता. पिशवीसुद्धा काढून टाकली.

तेवढ्यात संतोष आला, रजा टाकून. तोंड उतरलेलं. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात उघडा लॅपटॉप. म्हणाला, "काका सांगा, मी तारखा बदलतो." पण बदलणार कुठल्या हातानं? छत्री खांद्यात धरली, ती वाऱ्यानं उलटली. लॅपटॉप शर्टात कोंबून पंपाच्या खोलीकडे पळाला. खालून बायका ओरडल्या, "सच्चिव, त्येला बी येक इरलं शिवा!" मीही हसलो. मग वाईट वाटलं. पोरगं चांगलं आहे.

चालत गेलो, बसलो, काढलं, पुन्हा चालत गेलो. दुपारी तीनपर्यंत एकवीस खाचरं झाली, बाविसावं माझं. चूक झाली की पुसायची, कागद फाटत नाही, शाई पसरत नाही. गुडघ्याची आठवण घरी आल्यावर झाली.

१२ जुलै, शनि.

सकाळी देवळात बैठक. टॅब मधे ठेवला. मला भीती, कुणी हसेल. कुणी हसलं नाही. सगळे वाकले.

वाडीवरच्या निम्म्या माणसांना वाचता येत नाही. भिंतीवरची यादी त्यांना कुणीतरी वाचून दाखवायची. आज चिमाबाईनं स्वतः बोट ठेवलं. "ह्यो माजा तुकडा. आन् ह्यो कोपरा जरा वाकडा पायजे भाऊ, तितं उंबर हाय." तिथल्या तिथं वाकडा केला. मग प्रत्येक जण आपापलं खाचर शोधायला लागला. काशिनाथ म्हणाला, "माजं येवढंच?" अनंता म्हणाला, "हाय तेवढंच काढलंय, तू रोज वाढवून सांगतो."

पाळी ठरायला दहा मिनिटं लागली. कुणी भांडलं नाही. पाणीच ठरवत होतं.

मग मी उभा राहिलो आणि मोठ्यानं सांगितलं, मला पाच तारखेलाच कळलं होतं, मी बोललो नाही, चूक माझी. संतोष म्हणाला, "काकांनी मला सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही." अनंता दोघांकडे बघून म्हणाला, "बरं, भांडन न्हाई का? मग मी कुनावर वरडू?" देऊळ हसलं.

देवळात लावायला मोठा कागद हवा होता. टॅबमधून छापायचं कसं मला येईना, संतोषलाही येईना. शेवटी चित्र त्याच्या लॅपटॉपवर घेतलं आणि तिथून छापून आणलं. हेही लिहून ठेवतो.

२२ जुलै, मंगळ.

आज शेवटचं खाचर. पहिले चार दिवस दिवसाला तीन-तीन खाचरं केली, आधी जुन्या रोपाची. बाविसाच्या बावीस लागली. अनंताचं दुसऱ्यांदा लागलं, घरटी चार मुठी रोप सगळ्यांनी दिलं. वरून बघितलं तर डोंगरापासून ओढ्यापर्यंत हिरवं, मधे एक काळा तुकडा नाही. एकतीस वर्षांत इतकी सरळ लावणी झाली नव्हती. हे मी म्हणत नाही, अनंता म्हणाला.

२४ जुलै, गुरु.

यंत्राची बैठक. संतोषनं लॅपटॉपची बाजू मांडली, आणि नीट मांडली. पीक विम्याचे लांबलचक अर्ज, ग्रा.पं.ची पत्रं, छापणं, दहा कागद एकदम उघडे ठेवणं. "टॅबवर पानभर लिहायचं तर दिवस जाईल."

मी म्हणालो, खरं आहे. पण ज्याला कळा दाबता येतात त्याचाच तो लॅपटॉप, आणि असा गावात एकटा तू. दिवसभर वीज नसते, तुझा दोन तासांत मान टाकतो, हा दुसऱ्या दिवशीपर्यंत चालतो. तुझा पंपाच्या खोलीत बसतो, हा खाचरात येतो.

चिमाबाई म्हणाली, "ल्यापटापाला मांडी लागती. आमच्या मांडीवर नातवंडं असत्यात."

हात वर केले. टॅबला पंधरा, लॅपटॉपला पाच, दोन घरं आली नव्हती. एक टॅब गावात, एक वाडीवर, चिमाबाईच्या सुनेकडे. ती दहावी झालेली. यादी दोघांनी मिळून ठेवायची, तिनं आणि मी. मी!

अर्ज मी टॅबवर लिहिला. जेवून बसलो तो पाच वाजता उठलो. संतोष म्हणाला, पंधरा मिनिटांचं काम होतं. असेल. पण खाली सही माझी आहे आणि वरचं प्रत्येक अक्षरही माझं.

१ ऑगस्ट, शुक्र.

तालुक्याहून उत्तर नाही. फोन केला तर "वर पाठवलंय."

दुपारी सुनीचा फोन. प्रज्ञाचा लॅपटॉप बंद पडलाय, दुरुस्तीला महिना म्हणतात. "आबा, टॅबवर तिचं कॉलेजचं भागंल का वो? तुमी रोज वापरताय म्हून इचारते." मला विचारते! सातवीवाल्याला! कारभारणीला दोनदा सांगितलं. ती म्हणाली, "आयकलं पयल्यांदाच."

पण सुनीला काय सांगू ते सुचेना. उद्या सांगतो म्हणालो.

३ ऑगस्ट, रवि.

टॅब पुसून पेनसकट पिशवीत घातला. उद्या संतोष तळेगावला नेईल, तिथून सुनी नेणार. पुढच्या आठवड्यात बेणणीची, म्हणजे तण काढायची, इर्जिक सुरू. पाळी छापील कागदावर बघू. चिमाबाईची सून रोज विचारते, "आबा, आपला कवा येनार?" काय सांगू?

सुनीला फोनवर बोलताना माझं सगळं विसरतं. म्हणून इथं लिहितो आणि या पानाचा फोटो तिला पाठवतो.

सुनी, माझं तर भागलं. नुसतं भागलं नाही, गावाचं शिवार त्याच्यावर बसलं. पण मला चित्र काढायचं होतं आणि बावीस नावं लिहायची होती. प्रज्ञाला पानंच्या पानं लिहायची असतील. तिला म्हणावं, आठ दिवस मनापासून करून बघ, अडलं तर निराळा कळफलक जोडता येतो असं संतोष म्हणतो. इतकं करूनही नाही जमलं तर लाजू नको. आणि मला उगाच बरं वाटावं म्हणून जमलं म्हणू नका. इथं माझा जीव टांगणीला आहे. जमलं की नाही, आणि नाही जमलं तर टॅब कधी परत येतो, चार ओळी का होईना, लवकर कळव.