उजव्या गुडघ्याबाबत विचार चालू आहे

४ जानेवारी
सर्जनला दाखवलं. म्हणाला, उजव्या गुडघ्याची गादी पार झिजली, सांधा बदलावा लागेल. जेमतेम पस्तिशीचा असेल. मी आयुष्यभर फुटबॉलचा पंच होतो. मैदानात गुडघा धरून लोळणारे ढिगाने पाहिलेत. निम्मे नाटकी. माझाही गुडघा त्यातलाच दिसतो. विचार करून कळवतो म्हणालो. जिना उतरताना हिचा हात धरला. तिला आधार म्हणून.

९ जानेवारी, सकाळी सहा
निश्चय. रोज व्यायाम, वजन कमी, ऑपरेशन रद्द.

९ जानेवारी, साडेसहा
उद्यापासून. सतरंजीवर बसलो छान, उठणं जमेना. हिने आणि शेजाऱ्याने मिळून उठवलं. सतरंजीच गुळगुळीत आहे.

२ फेब्रुवारी
ताईचा फोन. दोन्ही गुडघे बदलून घेतल्यापासून दुसरा विषय नाही. आता टेकडी चढते म्हणे. फोटोही पाठवला. हल्ली फोटोत काहीही करता येतं.

२० फेब्रुवारी
नातीचा वाढदिवस. लेकीचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. मी खालीच थांबलो. गाडीकडे कुणीतरी बघायला हवंच. नात केक घेऊन खाली आली. आजोबा रुसलेत का, असं तिने विचारलं. नाही म्हणालो. केक चांगला होता, गाडीत बसून खाल्ला.

११ मार्च
नवा नी-कॅप. खूप फरक. चढवताना कंबर धरली, त्यामुळे गुडघ्याकडे लक्षच जात नाही.

२ एप्रिल
पुन्हा सर्जन. मी एकेक शंका काढत होतो, तो हिच्या चालण्याकडे बघत होता. तिचाही एक्स-रे काढला. दोन्ही गुडघे माझ्यापेक्षा वाईट. मला कधी बोलली नाही. घरी आल्यावर विचारलं. म्हणाली, "तुमचा विचार चालला होता ना. म्हटलं, मध्ये कशाला बोलायचं?"
मी म्हणालो, घाई नको, दोघं मिळून शांतपणे ठरवू. तिने ऑपरेशनची तारीख घेऊन टाकली होती.

७ मे
काल हिचं ऑपरेशन झालं. आज फिजिओथेरपिस्टबाई तिला उभं करायला आल्या. धीर द्यावा म्हणून मी खुर्चीतून उठायला गेलो. बाईंनी आधी मला धरलं. तोवर ही उभी राहिलेली.

२८ जुलै
ही लेकीकडे जाऊन आली. तिन्ही मजले चढली, कठड्याला हात न लावता. नातीने आजोबा का नाही आले विचारलं म्हणे.
हिचा वॉकर कोपऱ्यात पडून आहे. परत करण्याआधी तपासावा म्हणून बाथरूमपर्यंत जाऊन आलो. येतानाही तोच घेतला.
दुपारी ही झोपल्यावर हॉस्पिटलला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, पेशंट कोण. ताईचं नाव सांगावंसं वाटलं. मग माझं सांगितलं.