काय काय लागतं

२ जून, सोमवार
आले एकदाची चाकणला! खोली दिघीत, नोकरी मोटारींच्या दारांचे पत्रे ठोकणाऱ्या कारखान्यात. काम अगदी माझ्या आवडीचं. जगभरातल्या लोकांनी लिहिलेले फुकटचे प्रोग्राम आम्ही गठ्ठा बांधून यंत्रांवर चढवतो. चढतात झकास, पण सुरू होत नाहीत, कारण बांधणारा ‘लागतं’ या यादीत एखादी गोष्ट लिहायला विसरलेला असतो. पोह्यांचं सगळं सामान आणलं नि तेलच राहिलं, तसं. ते राहिलेलं मी शोधायचं.

४ जून, बुधवार
पत्रा ठोकणाऱ्या प्रेसमध्ये हात गेला की ती थांबवणारा प्रोग्राम चालेचना. चालायचा फक्त एका प्रेसवर. दोन दिवस डोकं खाल्लं, मग लक्षात आलं, तिथे उदगीरचे ज्योतीराम उभे असतात, गेली एकोणीस वर्षं. ते चहाला गेले की बंद! आमचे रणजीतसर हसून म्हणाले, स्वरूपा, मग त्यांचंच नाव लिही की यादीत. गंमत म्हणून लिहिलं. सगळ्या प्रेस सुरू! सरांनी पेढे वाटले. झाडलोट करणाऱ्या विमलबाई, इथल्याच गावच्या, तेवढ्या चिडल्या. म्हणाल्या, जित्या मान्साचं नाव ‘लागतं’ म्हनून लिवू न्हाई, लागीर व्हतं. म्हणजे झपाटतं म्हणे, काय बाई तरी एकेक!

९ जून, सोमवार
शुक्रवारी उदगीरला ज्योतीरामांच्या मुलीचं, मंजुषाचं लग्न. रजा मंजूर. दुपारी पिशवी घेऊन फाटकापर्यंत गेले आणि परत येऊन प्रेसपाशी उभे राहिले. म्हणाले, पायच वळतात हो ताई. ते हसत होते. मला हसू आलं नाही.

११ जून, बुधवार
सरांनी त्यांना गाडीत घालून उदगीरच्या एसटीसाठी मोशीला सोडलं. तीन तासांत चालत परत. चप्पल नाही, तळव्यांना रक्त.
मी नाव खोडलं. ते परत उमटलं. तीनदा. खाली एक प्रश्न — बदली कोण?

१२ जून, गुरुवार
जेवत नाहीत. बसत नाहीत. मंजुषाचा फोन आला. हळद लागलेली पोर, हमसून रडत होती. म्हणाली, बाबा आल्याशिवाय बोहल्यावर चढणार नाही.
माझीच चूक. मेली गंमत! दुपारी त्यांचं नाव काढून माझं घातलं. ज्योतीराम पळत सुटले, मागे वळूनही पाहिलं नाही. बरं वाटलं. फार बरं वाटलं.

१३ जून
फाटकापर्यंत जाते. परत येते.
ज्योतीरामांचा फोन. लग्न लागलं.
विमलबाई विचारतात, तुमचं कोन लागतं गावाकडं? — का विचारतात —
त्यांचं नाव मी हाताने लिहिलं होतं. माझं घाईत प्रोग्रामलाच भरू दिलं. त्याने भरलं की त्या नावाला पुढे काय लागतं, तेही तो स्वतःच शोधून यादीत घालतो —
यादीत नवी ओळ. मी लिहिलेली नाही. स्वरूपाला लागतं: सुमन.
आई.

दुपार
आईचा फोन. परभणीहून एसटीत बसलीये. का निघाले कळत नाही म्हणाली, पायच — 
ओरडले, उतर गं, मागे फिर. ती म्हणाली, उतरता येत नाही.
ओळ खोडते. येते. खोडते —
आता तिच्याखाली. सुमनला लागतं: ईश्वरी.
दादाची ईश्वरी. नऊ महिन्यांची. देवा, ती अजून नुसती रांग—