ट्रॅक्टरच्या टेपवर माझं इंग्लिश गाणं

७ जानेवारी २०२६, बुधवार

नाव दिलं! पंचवीस तारखेला परळीत, फक्त बायकांचा कराओकेचा कार्यक्रम. हिंदी गाण्यांना चाळीस नावं, इंग्लिशला पाचच. स्वप्नाली म्हणाली, "यास्मिन, तू इंग्लिशमदी घुस. तितं गर्दी न्हाई."

बुधवारी दुपारी तिचं पार्लर बंद असतं. म्हणजे शटर खाली, आणि आत आम्ही चौघी माइक घेऊन. घरी सांगते, इंग्लिश बोलायच्या क्लासला चालले. चार महिने झाले या खोट्याला. अब्बा — सासरे — तर दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला सांगतात, "आमची सून विंग्रजी शिकती." ते ऐकलं की जमिनीत गडप व्हावंसं वाटतं.

८ जानेवारी

स्वप्नालीने यादी पाठवली. बायकांना गाता येतील अशी पंचवीस इंग्लिश गाणी. सगळी ऐकली. निम्म्यांत ती त्याला सोडून जाते, उरलेल्यांत तो तिला. सुखाने नांदणारी एक नाही! माझ्या गाण्यात तो दार आपटून जातो आणि ही म्हणते, जा, माझं काही अडत नाही. शब्द देवनागरीत लिहून घेतले, याच वहीच्या मागच्या पानांवर. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो, पण माझी शाळा मराठी, म्हणून वही मराठी, घरातलं बोलणंही मराठीतच उतरवते. अम्मींना, म्हणजे सासूबाईंना, ही अक्षरं वाचता येत नाहीत. बरंच आहे.

११ जानेवारी

गाण्याचा शेवटचा चढ जमेना. आवाज तिथे जाऊन फाटतोच. स्वप्नाली म्हणते, "पोटातनं काड की!" पोटातून काय काढू? पोटात भीतीच आहे सगळी.

१३ जानेवारी, मंगळवार

मेले मी. आज मेले.

खाली आमचं दुकान, ट्रॅक्टरला टेप आणि स्पीकर बसवून देण्याचं. उसाचे दिवस, दारात ट्रॅक्टरांची रांग. माझ्या नवऱ्याचा, मुजाहिदचा, फोन बिघडलाय, म्हणून टेप बसवला की आवाज तपासायला तो माझाच फोन नेतो. दुकानातल्या प्रत्येक टेपला ब्लूटूथने माझा फोन जोडलेला. हे मला ठाऊक होतं! रोज बघत होते! आणि तरी —

दुपारी अम्मी झोपल्या. खोलीचं दार लावून, उशीत तोंड घालून गाणं म्हटलं, फोनमध्ये भरलं. मग ऐकायला लावलं. आवाज येईना. वाढवला. तरी येईना. शेवटपर्यंत वाढवला. तेव्हा खालून, भर रस्त्यावरून, मला मीच ऐकू आले.

बंद करायचं बटण सापडेना. तो चढही वाजला, फाटलेला, चार स्पीकरांतून! शेवटी फोनच बंद केला. मग बंकटमामांचा आवाज, ट्रॅक्टर त्यांचाच, अब्बांना विचारत होते, "दस्तगीरभाई, कोन बाई हाय ही?"

मुजाहिद पटकन म्हणाला, "रेडिओ हाय, मामा."

अब्बांनी फक्त पाना मागितला.

१४ जानेवारी

क्लासला गेले नाही. डोकं दुखतंय म्हटलं.

रात्री जेवताना अब्बांनी भाकरी मोडता मोडता विचारलं, "कुटवर आला तुजा क्लास?"

"चाललाय," म्हटलं. मुजाहिद ताटातून मान वर करेना. अब्बा ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसाला निदान उत्तर तरी देता येतं.

१५ जानेवारी

अब्बांनी मुजाहिदला सांगितलं, "उद्यापासनं हिचा फोन दुकानात आणू नको." बस्स, एवढंच. आज सकाळभर मात्र तो अब्बांकडेच होता. मला काही नाही. म्हणजे कळलंय. कळलंच आहे! मग बोलत का नाहीत?

१८ जानेवारी, रविवार

मुजाहिदनेच विषय काढला. पार्लरचं आणि परळीच्या कार्यक्रमाचं त्याला कोणीतरी सांगितलंय.

"क्लास न्हाईच ना?"

"न्हाई."

"चार महिने?"

"चार महिने."

तो चिडेल वाटलं होतं. रडवेला झाला. "मी रेडिओ हाय म्हनलो. सगळ्या लोकांत खोटं बोललो तुज्यापायी. उद्या परळीत कुनी वळखलं तर मी काय सांगू? अब्बांनी कोनाला तोंड दाखवायचं?"

म्हटलं, बायकांचाच कार्यक्रम आहे, एकही बाप्या आत येत नाही. तो म्हणाला, "आवाजाला भिंत असती का?"

नसतेच. परवाच बघितलं की.

पण राग आला, लई राग आला. मी काय चोरलं? खोटं बोलले ते चुकलंच, त्याची लाज वाटते, अब्बांसमोर तर जास्तच. पण गाण्याची लाज मला वाटत नाही. कितीही प्रयत्न केला तरी वाटत नाही.

२१ जानेवारी, बुधवार

स्वप्नालीला निरोप धाडला, नाव खोड. तिचे सात फोन आले. उचलले नाहीत. आठवा उचलला. "यादी शुक्रवारी छापायला जाती, तवर इचार कर," म्हणाली. विचार कसला करायचा? अब्बा गिऱ्हाइकाला आता सुनेचं काही सांगत नाहीत. दिवसभर कान देऊन बसले होते, एकदाही नाही.

२२ जानेवारी

मागची पानं फाडली. पुन्हा चिकटवली. काही खरं नाही माझं.

२३ जानेवारी, शुक्रवार

मुजाहिद सामान आणायला अंबाजोगाईला गेलाय. दुकानात अब्बा एकटे. दुपारी खाली स्पीकर लागले — माझं गाणं! पण नुसतं संगीत, माझ्या फोनमधलंच, गाणारी कोणी नाही. लय जरा मंद आणि पट्टी दोन सूर खाली. लय मंदावून पट्टी उतरवायची ही रीत अब्बा कॅसेटी भरून द्यायचे त्या काळातली, मुजाहिदला ती येत नाही. शेवटचा चढ आला. माझ्या गळ्यात बसेल असा. संपलं. मग पुन्हा पहिल्यापासून लागलं.

मी स्वप्नालीला फोन लावला — छापू दे नाव!