कोपऱ्यातल्या जाहिराती वाचून केलेली वाटणी

हो, शुद्धीवर आहे, वकीलसाहेब. चहात साखर घालायला विसरलात, तेही कळलंय. द्या तो कागद, मीच लिहिते. तुम्ही लिहिलंत की मला माझंच बोलणं कळत नाही.

मी, फोटो स्टुडिओची मालकीण, विधवा, गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, कुणाच्या धाकाने नाही आणि कुणाच्या लाडीगोडीने नाही, राजीखुशीने हे मृत्युपत्र करते. याआधी कधी केलेलं नाही. मरायला सवडच नव्हती.

राहतं घर मुलाला, गळक्या नळासकट. नळाचं विचारलं की तो ‘उद्या बघतो’ म्हणायचा, आता स्वतःच्या घरातला बघेल.

बँकेत औषधपाण्यातून काही उरलंच तर मुलगा आणि सूनबाईने निम्मं निम्मं घ्यावं.

स्टुडिओत फोटोमागे लावायचा, डोंगर रंगवलेला पडदा धाकट्या नणंदेला. माझ्या लग्नात ती म्हणाली होती, “वहिनीला जरा मागे उभी करा, फोटो चांगला येईल.” आता तिने डोंगर न्यावा आणि पुढे हवं तेवढं उभं राहावं.

आता स्टुडिओ. मुलाला तो विकायचा होता. “आई, तुमच्या लेन्सा भंगार आहेत, दुकानही त्याच भावाचं,” म्हणाला. दुकान चालवते सूनबाई. ती एवढंच म्हणाली, “आई, दुकान गेलं तर मी दिवसभर करू काय?” त्याने तिला विचारलं नव्हतं.

पुरावा म्हणून त्याने दोन फोटो दाखवले. स्वतःच्या महागड्या लेन्सने काढलेला भर उन्हात, स्टँडवर. आमच्या लेन्सने काढलेला दिवेलागणीला, हातात धरून, मधे शिंकत.

मी म्हटलं, “बाळा, ही लेन्सची परीक्षा की तुझ्या सर्दीची?”

मग ठरलं. नीट परीक्षा घ्यायची. आमचं भंगार निघालं तर दुकान विकायचं, नाहीतर ते सूनबाईचं.

भिंतीवर वर्तमानपत्राचं पान सपाट चिकटवलं. कॅमेरा स्टँडवर, भिंतीच्या अगदी समोर. जरा तिरका राहिला की एक कोपरा धूसर येतो आणि शिव्या लेन्सला बसतात. उजेड तोच, अंतर तेच. लेन्सांच्या नावांवर चिकटपट्टी लावली, कारण नावावरून किंमत कळली की डोळे आपोआप शार्प होतात. प्रत्येक लेन्सने एक फोटो अॅपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, पूर्ण उघडं ठेवून, एक थोडं बंद करून. निकाल द्यायला शेजारचा न्हावी बसवला.

“त्याला काय कळतं यातलं?” मुलगा म्हणाला.

“काही नाही. म्हणूनच बसवलाय.”

न्हावी कोपऱ्यातल्या छोट्या जाहिराती वाचू लागला. “या फोटोत खोली भाड्याने मिळेल. या फोटोत काहीतरी मिळेल, पण काय ते कळत नाही.”

खोली मिळाली ती मुलाच्या लेन्सला. पूर्ण उघडी असतानाही कोपऱ्यापर्यंत लख्ख. तीच सगळ्यात शार्प, हे इथे लिहून ठेवते, नंतर कुणी वाद नको. आमच्या ह्यांची जुनी लेन्स मध्यभागी धारदार, कडेला मुंग्या. नवऱ्याची म्हणून मार्क वाढवले नाहीत. सूनबाईने सेकंडहँड घेतलेली स्वस्तातली लेन्स उघडी असताना कडेला मऊ, पण थोडी बंद केल्यावर न्हाव्याला तिच्यात आणि मुलाच्या लेन्समध्ये फरक सांगता येईना. आणि आम्ही काढतो पासपोर्टचे फोटो. तोंड कोपऱ्यात ठेवून अजून कुणी बसलेलं नाही. मुलाच्या लेन्सच्या पैशात ती स्वस्तातली, नवे दिवे आणि वर कॅमेराही येतो. कामाच्या मानाने दाम बघितला तर भंगार कुणाला म्हणायचं, ते न्हाव्यालाही कळलं.

मुलाने चिकटपट्ट्या सोलल्या, नावं वाचली आणि आपली लेन्स खोक्यात ठेवली.

तेव्हा स्टुडिओ, दिवे, लेन्सांचं कपाट, सगळं सूनबाईला. ठेवायचं की विकायचं, ते ती बघेल. ह्यांची जुनी लेन्स मुलाला. चेहरे छान येतात तिच्यात, कडेला बघू नये.

सही: स्टुडिओची मालकीण
साक्षीदार: शेजारचा न्हावी, मला तपासून शहाणी ठरवणाऱ्या डॉक्टरीणबाई
ठिकाण: स्टुडिओची मागची खोली
तारीख: शिक्क्यावर आहे ती

खाली जागा उरलीय म्हणून लिहिते. बाळा, परीक्षेत आमच्या सगळ्या लेन्सा नापास झाल्या असत्या तरी दुकान मी तिलाच दिलं असतं. मला ती तुझ्यापेक्षा जास्त आवडते.