जागेवाल्याला घातलेलं गाऱ्हाणं

गुरुवार, २५ डिसेंबर
आले बाई एकदाची वाळवंटात! रियाधला नर्स म्हणून येऊन दहा महिने झाले, पण हॉस्पिटल, होस्टेल आणि सुपरमार्केट सोडून सौदी म्हणून काही पाहिलं नव्हतं. आज माझ्याच वॉर्डातल्या रुचिरानं आणि तिच्या नवऱ्यानं, रणजितनं, मला अक्षरशः गाडीत कोंबलं. शनिवारी परत. सोमवारी सकाळी अकराला माझा नवरा उल्हास आर्यनला घेऊन रियाधच्या विमानतळावर उतरतोय. साडेतीन वर्षांचं माझं पोर! परवा पीं-पीं वाजणारे नवे बूट घालून फोनवर मला घरभर नाचून दाखवत होतं. माझ्या जिवाला थारा नाही, म्हणून तर ही सहल.

डांबरी रस्ता सुटल्यावर रणजितनं टायरमधली हवा कमी केली, मग दोन तास नुसती लाल वाळू. तंबू ठोकला, दुपारची खिचडी शिजवली. रणजित वेंगुर्ल्याचा. नव्या जागी जागेवाल्याला, म्हणजे त्या जागेच्या अदृश्य राखणदाराला, वाढल्याशिवाय जेवायचं नाही, हा त्यांच्या घरचा नेम. इथला जागेवाला आधी इकामा, इथं राहायचा परवाना, दाखव म्हणेल, असं रुचिरानं चिडवलं. पण गडी ऐकतोय कुठे! नारळ फोडला, कागदी ताटलीत खिचडी वाढली आणि खड्या आवाजात गाऱ्हाणं घातलं, की लेकरं तुझ्या जागेत आलीत, त्यांची राखण कर, त्यांना नजरेआड होऊ देऊ नको. मलाही राहवेना. माझ्या आर्यनला माझ्याजवळ आण, हेही घालायला लावलं. आम्ही दोघी हसत "व्हय महाराजा!" ओरडलो. मग जरा उशिरानं आणखी एक "व्हय महाराजा" आलं. टेकडीचा प्रतिध्वनी, असं रणजित म्हणाला.

शुक्रवार, २६ डिसेंबर
ताटली चाटूनपुसून साफ. करवंटीत खोबऱ्याचा कणही नाही. कोल्हा असणार, पण वाळूवर आमच्याशिवाय कुणाचीच पावलं नाहीत. असो. दिवसभर वाळूवरून घसरगुंडी केली, रुचिरा अशी काही गडगडली की हसून हसून पोट दुखलं. एक गंमत झाली. सकाळी अर्धा झालेला पाण्याचा कॅन संध्याकाळी काठोकाठ. मला वाटलं रणजितनं भरला, त्याला वाटलं मी.

शनिवार, २७ डिसेंबर
सकाळी आवरून निघालो. नाकासमोर उत्तरेला हायवे. दोन तासांनी समोर आमचीच करवंटी.
पुन्हा निघालो. पुन्हा करवंटी. तिसऱ्यांदा तिथेच आलो तेव्हा पेट्रोलचा काटा पाहिला. टाकी भरलेली. निघताना अर्धी होती.
फोनला रेंज नाही. रुचिराचं रडं थांबत नाही. रणजित म्हणतो, जागेवाल्यानं एकदा राखण घेतली की तो सोडत नाही. गावात ते कळत नाही, कारण तिथे आपल्याला कुठे जायचंच नसतं.
मला जायचंय. परवा आर्यन येतोय.

रविवार, २८ डिसेंबर
रणजित पहाटे पूर्वेला चालत गेला. दुपारी पश्चिमेकडून आला. आईची शपथ घेऊन सांगतो, वळलो नाही.
नारळ संपलेत. खजूर ठेवून हात जोडले. पावलास बाबा, आता सोड. उत्तर नाही.
मी आपली पुटपुटले, मला फक्त आर्यन पाहिजे. आणि टेकडीमागून अगदी स्पष्ट — व्हय महाराजा.
रुचिरानं माझं तोंड दाबून धरलं.

सोमवार, २९ डिसेंबर
नऊ वाजले. राखण केली. नजरेआड होऊ दिलं नाही. आता तिसरं राहिलंय. माझं.

साडेदहा. गुडघे टेकून गाऱ्हाणं घातलं. आणू नको रे त्याला. मला विसरला तरी चालेल, पण तिथेच राहू दे. तीनदा घातलं. रणजितनं, रुचिरानं "व्हय महाराजा" म्हटलं. तिकडून काही नाही —

अकरा. विमान उतरलं असेल. उल्हास, त्याचा हात सोडू नकोस, पाया पडते तुझ्या —

सव्वाअकरा
टेकडीमागे पीं-पीं
रुचिरानं कान झाकलेत. म्हणजे तिलाही —
ओरडले, येऊ नको बाळा, मागे फिर! तो हसतोय. त्याला वाटतंय लपाछपी —

जवळ आलं. माझ्या पाठीशी थांबलं. रणजित म्हणतो, वळू नको, तो आपला आर्यन नाही. नसेलही. पण त्यानं आई म्हणून हाक मारली तर मी