मिल्का येईपर्यंतची उशी

रविवार, २ फेब्रुवारी. सकाळी ६.२०
आजपासून वही. तीन रकाने आखले: झोप, घोरणं, कारण. पंपांच्या कंपनीत तीस वर्षं क्वालिटी कंट्रोल केलं. कारण सापडल्याशिवाय माल पुढे जाऊ दिला नाही. स्वतःची झोप उडाल्याचं कारण सापडायला चार महिने लागले, याची लाज वाटते.
कारण: उशी.
बायको मिल्का ऑक्टोबरात आमच्या मुलीच्या, याएलच्या बाळंतपणाला इस्रायलमध्ये अश्दोदला गेली. तीन महिन्यांसाठी. आता बाळ कुशीवर वळायला लागलं, तरी परतीचं नाव नाही. शुक्रवारी फोनवर म्हणाली, इथे मधूनमधून सायरन वाजतात, धावत शेल्टरमध्ये जावं लागतं, पण परत आले की शांत झोप लागते. अर्थ उघड आहे. इथे सायरन नव्हते, माझं घोरणं होतं.
म्हणजे उशी बदलली की घोरणं जाईल, घोरणं गेलं की मिल्का येईल. इतकं सोपं आहे.
जुनी उशी तपासली. सावरीच्या कापसाची, मिल्काच्या आईने भरलेली. मध्ये दोन इंच, कडेला चार. आत गाठी. रिजेक्ट.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
खारघरला गाद्यांच्या शोरूममध्ये गेलो. बरोबर फूटपट्टी आणि प्रश्नांची यादी. कल्पेश नावाच्या सेल्समनने सगळी उत्तरं दिली: घनता, खांद्याची रुंदी, मानेचा आधार, कुशीवर झोपता की पाठीवर. मग म्हणाला, सर, पाच मिनिटं पडून बघा.
पडलो. शेजारच्या बेडवर एक बाई गादी ट्राय करत होत्या. डोळे मिटून, पाय जुळवून, अगदी गप्प.
कल्पेशने उठवलं तेव्हा पन्नास मिनिटं झाली होती. म्हणे मी घोरत होतो आणि गिऱ्हाइकं थांबून बघत होती. त्या बाई केव्हाच गेल्या होत्या. चार महिन्यांतली सलग सर्वात मोठी झोप. उशीचा याहून चांगला पुरावा काय पाहिजे? तीच घेतली. मेमरी फोम, मध्ये खोलगट, दोन्ही कडांना उंच.

रविवार, ९ फेब्रुवारी
माहितीपत्रकात लिहिलंय, नवीन फोमला वास येतो, दोन दिवस मोकळ्या हवेत ठेवा. गॅलरीत ठेवली. तळोज्याच्या केमिकल कारखान्यांकडून वारा होता. आता कुठला वास कुणाचा, कळायला मार्ग नाही.
पहिली रात्र. झोप: दीड तास. पत्रकात म्हटलंय की मानेला सवय व्हायला तीन आठवडे लागतात. मी घाई करणारा माणूस नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी
सावरीची उशी भामाला दिली. भामा आमच्याकडे कामाला येते, राहते पनवेलजवळ तक्का गावात. तिचा नवरा रामू दोन वर्षं खाटेवर आहे, छातीने बसला. रात्रभर बसून खोकतो. भामा म्हणाली, सायेब, बाईंना इचारलं का? म्हटलं, विचारायचं काय, रिजेक्ट माल आहे. ती म्हणाली, बाई तिला लई जपायची. मी म्हटलं, ने.
नेताना तिने ती पोटाशी धरली होती. गरिबाला किती थोडक्यात आनंद होतो.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी
फोनमध्ये घोरणं मोजायचं ॲप घेतलं. कालचा निकाल: घोरणं शून्य मिनिटं. झोप चाळीस मिनिटं. घोरण्याचा प्रश्न निकालात निघाला.
मिल्काला सांगितलं. मग म्हणाली, बरं झालं. आवाज दाटला असावा. लाइन पण खराब होती.

शुक्रवार, ७ मार्च
मोठी बातमी. मिल्काने आपण होऊन विचारलं, सावरीची उशी नीट आहे ना? पेसाहची उशी?
तेव्हा आठवलं. आमच्यात, बेने इस्रायल ज्यूंमध्ये, पेसाहच्या सणाला सेदरला, म्हणजे पहिल्या रात्रीच्या जेवणाला, घरच्या कर्त्याने डाव्या बाजूला उशीवर रेलून जेवायचं असतं. गुलाम ताठ बसून जेवतो, सुटलेला माणूस रेलून जेवतो. तेहतीस वर्षं मिल्का त्या उशीला पांढरा भरतकामाचा अभ्रा घालून माझ्या खुर्चीत डावीकडे ठेवत आली. एरवी वर्षभर ती उशी माझ्याच डोक्याखाली, साध्या अभ्र्यात. त्यामुळे ती तीच, हे माझ्या डोक्यातच नव्हतं.
म्हटलं, आहे की, कपाटात आहे.
ती म्हणाली, जपून ठेवा.
पेसाह बारा एप्रिलला. उशीची चौकशी माणूस उगाच करत नाही. येते आहे. मी मुद्दाम विचारलं नाही. तिला अचानक यायचं असेल तर येऊ दे. आपण तिचा आनंद का घालवा?

शनिवार, ८ मार्च
भामाला म्हटलं, उशी परत लागेल. ती झाडू तसाच धरून उभी राहिली. म्हणाली, देईन की, तुमचीच हाय. पन त्या उशीवर ह्यांचा डोला लागतो. दोन वर्सांत पयल्यांदा आडवं झालं मानूस. तुमचा सन झाल्यावर मीच आनून देते, नाय चालनार?
म्हटलं, सणालाच तर हवी. हवं तर माझी नवी उशी देतो, मानेला आधार देणारी, डॉक्टर लोक सांगतात ती. ती काही बोलली नाही. गप्प राहणं म्हणजे होकार, हे मी ऑफिसात शिकलो.

शनिवार, १५ मार्च
होळीची राख अजून गल्लीत पडली होती. मेमरी फोम घेऊन तक्क्याला गेलो. रामू माझ्याच वयाचा, पण बघवत नाही. त्याला सगळं समजावून सांगितलं: उंच कड मानेखाली, खोलगट भाग डोक्याखाली, तीन आठवडे धीर धरायचा. पत्रक वाचून दाखवलं.
भामा चुलीपाशी पाठ करून होती, म्हणून मीच त्याचं डोकं उचलून उशी बदलली. हाताला काही वजनच लागलं नाही. तो म्हणाला, सायेब, डोसका कुठं ठेवू? हिच्यात तर खड्डा हाय. मी पुन्हा दाखवलं.
कितीतरी महाग उशी देऊन जुनी घेतली. असा व्यवहार कोण करतो? घरी येईपर्यंत मला बरं वाटत होतं. बरंच वाटत होतं. रिक्षात उशी मांडीवर होती आणि अजून कोमट होती.

शनिवार, २२ मार्च
सावरीची उशी रोज गॅलरीत उन्हात ठेवतो. कापूस फुलला, पण बामाचा वास जात नाही. तिच्यावर झोपत नाही, पेसाहसाठी राखून ठेवली आहे. मी शालीची घडी घेतो. झोप: एक तास. कारण: शाल.
पेसाहची सफाई सुरू केली. सणात आंबवलेलं काही घरात चालत नाही, म्हणून डबे उपसले, पीठ, पाव, बिस्किटं घराबाहेर. मिल्का ओट्याच्या फटींतून बोट फिरवते, म्हणून फटी सुईने साफ केल्या. विमानतळावर जायला गाडी बोलून ठेवली आहे, तारीख तेवढी कळवायची आहे.
भामा चार दिवस आली नाही. तिच्या जावेने निरोप आणला: रामू परत बसून राहतो, उशीवर टेकतच नाय. कडेवर मान ठेवली की खोकला येतो. म्हटलं, सांगा, अजून दोन आठवडे.

गुरुवार, २७ मार्च
रामू काल पहाटे गेला. बसल्या जागी.
भेटायला गेलो. माणूस गेला की त्याचं अंथरूण घरात ठेवत नाहीत, स्मशानात नेऊन टाकतात. सोबत मेमरी फोमही गेली. भामा मला म्हणाली, सायेब, तुमची येवडी म्हाग उशी, ती बी गेली. नवीच व्हती. माफ करा.
ती माझी माफी मागत होती. म्हटलं, अगं उशीचं काय मनावर घेतेस.
पत्रकात तीन आठवडे लिहिले आहेत. त्याचे अकराच दिवस झाले होते. हे मी घरी येऊन मोजलं. का मोजलं, ते कळत नाही. पुन्हा मोजलं तरी अकराच.

शुक्रवार, ४ एप्रिल
मिल्काचा फोन. म्हणाली, अविटल सोमवारी इकडे यायला निघते आहे, तिच्याबरोबर उशी पाठवा. यंदा सेदर याएलच्या घरी. जावयाचं स्वतःच्या टेबलावरचं पहिलंच सेदर, त्याला रेलायला माझ्या आईची उशी हवी.
विचारलं, म्हणजे तू येत नाहीस? ती म्हणाली, येते असं मी कधी म्हटलं?
मागे जाऊन वही वाचली. नाही म्हटलेलं.
मी सांगितलं की घोरणं थांबलं आहे, नीट मोजलं आहे. ती म्हणाली, अहो, घोरण्याचं काही नव्हतं. तुम्ही घरातही इन्स्पेक्टरच राहिलात. तेहतीस वर्षं मी काही टेबलावर ठेवलं की तुम्ही आधी त्यातली चूक बघायचात. इथे कोणी बघत नाही, म्हणून झोप लागते.
ती थकली असणार. नातवाचं करून माणूस थकतं. उशी पुढे गेली म्हणजे पाठोपाठ माणूस परत येतं, असाही एक अर्थ निघतो. गाडीवाल्याला सध्या नको म्हणून कळवलं.

सोमवार, ७ एप्रिल
अविटल आली. आमच्या सिनेगॉगमधली. दरवर्षी तिकडे निघालेलं कोणी ना कोणी असतंच, आणि परत येताना बॅगा हलक्या असतात. तिने उशी नाकाशी धरून विचारलं, इनॉकदादा, बामाचा वास येतोय का? म्हटलं, सावरीला असतो असा वास. तिने पांढरा अभ्राही मागून घेतला, मिल्काने तसं सांगितलं होतं. उशी गुडघ्याने दाबून बॅगेत बसवली. इतकी लहान होईल असं वाटलं नव्हतं.

रविवार, १३ एप्रिल. सकाळी ७.००
काल संध्याकाळी तिकडे टेबल मांडत होते तेव्हा याएलने व्हिडिओ लावला. जावयाच्या डावीकडे पांढऱ्या अभ्र्यातली उशी. मिल्काने केस कापलेत. बरी दिसते. तब्येत सुधारली आहे.
म्हणाली, या उशीला बामाचा वास कसला? कोण वापरत होतं?
म्हटलं, मी.
तिचा चेहरा स्क्रीनच्या जवळ आला. छातीत भरतंय का? खोकला आहे? डॉक्टरला दाखवलं का? सहा महिन्यांत पहिल्यांदा तिने माझी अशी चौकशी केली. खरं सांगायला हवं होतं. रामूच्या डोक्याखालून काढून आणली, असं सांगायला हवं होतं. मी थोडं खोकून दाखवलं.
ती म्हणाली, मग तुम्हालाच लागेल ती, पुढच्या खेपेला कोणी येत असेल त्याच्याबरोबर परत पाठवते. उशी.
फोन ठेवला आणि सेदरला वाचायची पोथी, मराठी हगादा काढून एकट्यानेच वाचला. रेलायला डावीकडे काही नव्हतं. शाल ठेवून पाहिली, ती घसरली. ताठ बसून जेवलो.
आज भामा कामावर आली, दिवस झाल्यानंतर पहिल्यांदाच. विचारलं, झोप लागते का? ती म्हणाली, आता कोन खोकत नाय घरात. तरी नाय लागत.
उशी बदलून बघ, असं अगदी तोंडाशी आलं होतं. बोललो नाही.
झोप: शून्य. घोरणं: शून्य. कारणाच्या रकान्यात सवयीने ‘उशी’ लिहिलं. मग खोडलं. दुसरं काही लिहिलं नाही.