आईने देवमासा पाहिला

रविवार, जानेवारी. संध्याकाळ.

कोळणीचा जन्म, पण आई आजवर कधी होडीत बसली नव्हती. आज दादाने आम्हा दोघींना एडवणच्या किनाऱ्यावरून होडीने देवमासा बघायला नेलं. किती उपकार त्याचे! आईने माझं मनगट घट्ट धरलेलं. भीतीने की आनंदाने? एवढ्यात पाणी फुगलं, काळी पाठ वर आली, फवारा उडाला. मनगटात तिची बोटं रुतली.

"तुजा बापूस खरं सांगायचा गो. आमी हसायचो त्याला."

पाय गेल्यापासून बाबा दर्याचं नावही काढत नव्हते. घरी येताच आई तडक त्यांच्या खाटेपाशी गेली. "दिसला वो मला!"

बाबा उठून बसले. "केवढा?"

तिने हात पसरले, पण ते पुरेनात.

अजून बोलतायत दोघं. जेवण गार होतंय. हाक मारू? नको, बोलू देत.